विठ्ठल आणि भ्रतार : संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन वाचताना

आपल्या वार्षिकांत आणि विशेषांकांत संतसाहित्यावर लेख आला की तो बहुधा शेख महंमदांवर असतो. श्रीगोंद्याच्या या संताने 'योगसंग्राम' लिहिला. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक लिहून आपल्यासाठी मोठे काम करून ठेवले. या दोन गोष्टींच्या आधारावर आपण अनेक वर्षे लिहीत आलो आहोत, आणि त्यात गैर काही नाही. परंतु एक खंत येथे नोंदवावीशी वाटते. आपण संतवाङ्मयाकडे जातो ते पुष्कळदा पुरावा शोधायला. या घरात आपणही पूर्वीपासून राहत आलो, याचा पुरावा. पुरावा शोधणारा माणूस पुस्तक पुरते वाचत नाही. हवे ते पान सापडले की मिटून ठेवतो. म्हणून या वेळी आम्ही मुद्दाम अशी एक गाथा निवडली आहे, की जिच्यात आपल्यासाठी पुरावा म्हणून काहीच नाही. ती एका ब्राह्मण घरातील सुनेची आहे. तिच्यापुढचा पेच मात्र आमच्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही घरात समजेल असा आहे.

प्रथम एक खुलासा. बहिणाबाई म्हटले की आमच्या शाळेतील मुलांना आणि खरे तर शिक्षकांनाही जळगावच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) आठवतात. त्या थोर आहेतच. पण येथे विषय आहे तो सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंचा. त्यांचा जन्म 1628 चा, वेरूळजवळच्या देवगावचा. निधन 1700 चे. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांची समाधी आहे. तुकाराम महाराजांच्या शिष्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने 1929 मध्ये त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यानंतर परदेशी अभ्यासकांनी त्यांच्यावर बरेच लिहिले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 1982 मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला तो पत्नी आणि संत या दोन शब्दांभोवतीच. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव घेतले जाते ते वारकरी पंथाची इमारत वर्णन करणाऱ्या एका अभंगापुरते, आणि तोही अर्धाच म्हटला जातो. त्याविषयी पुढे.

आत्मनिवेदनातील हकीकत थोडक्यात अशी. वडील आऊजी देवगावचे कुलकर्णी. मुलीचे लग्न अगदी लहानपणी गंगाधर पाठक या तीस वर्षांच्या बिजवराशी झाले. भाऊबंदकी आणि कर्ज यांमुळे सगळ्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. आईवडील, जावई, मुलगी असे सगळे पायी निघाले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे करीत कोल्हापूरला पोहोचले. तेथे एका सज्जन ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. घरी एक गाय आली आणि तिला वासरू झाले. वासराला या मुलीचा असा काही लळा लागला की ती पाणी आणायला निघाली तरी ते मागे, कीर्तनाला निघाली तरी मागे. जयराम स्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून कोणी वासराला बाहेर काढले, तेव्हा स्वामींनी त्याला आत घ्यायला लावले आणि वासराच्या व मुलीच्या, दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. ही बातमी घरी गेली. नवरा वेदपाठी आणि तापट. त्याने बायकोला मारले आणि बांधून घातले. गायवासराने चारा सोडला. पुढे ते वासरू मेले आणि मुलगी काही दिवस बेशुद्ध पडून राहिली. त्या अवस्थेत तिला तुकोबा दिसले आणि त्यांनी मंत्र दिला. तुकोबा जातीने कुणबी, म्हणजे त्या काळच्या वर्णव्यवस्थेत शूद्र. वेदपाठी ब्राह्मणाची बायको स्वप्नात शूद्राची शिष्या झाली. गंगाधरपंतांच्या रागाला आता केवळ घरातले कारण उरले नाही.

हे वासराचे प्रकरण हरिकथेतील एक गोड प्रसंग म्हणून सांगितले जाते. आम्हांस ते तितके गोड वाटत नाही. सासरमाहेर, कुळ, जात यांपैकी कोणीही जिच्या ओढीत सहभागी नाही, अशा अकरा वर्षांच्या मुलीला कीर्तनाला सोबत म्हणून एक मुके जनावर मिळाले, आणि तेही गेले. त्या दोघांना एकच शिक्षा झाली. दोघेही बांधले गेले. बहिणाबाई हे सांगताना स्वतःसाठी दया मागत नाहीत. मार खाल्ल्याचे त्या एवढ्या सरळ सांगतात की वाचणाऱ्यालाच थांबावे लागते. नवऱ्याच्या मारहाणीचे स्वतः बाईने, स्वतःच्या नावाने केलेले इतके जुने निवेदन मराठीत दुसरे कोठे असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या मुलांना मराठीही शिकावी लागते. अशा वर्गात 'धर्म' हा शब्द आला की फळ्यावर त्याच्यापुढे काय लिहावे, हा प्रश्न दरवेळी पडतो. 'मजहब' लिहावे, तर 'पुत्रधर्म', 'राजधर्म', 'शेजारधर्म' यांचा अर्थ लागत नाही. 'फर्ज' लिहावे, तर 'हिंदू धर्म' या शब्दाचे काय करायचे? हिंदू परंपरेने देवाची वाट आणि माणसाचे कर्तव्य या दोहोंसाठी एकच शब्द ठेवला आहे. गीता तर याच शब्दावर उभी आहे. अर्जुनाला स्वधर्म सोडू नको असे सांगितले जाते, आणि अठराव्या अध्यायात आपापले कर्म हीच ईश्वराची पूजा असे सांगून देव आणि कर्तव्य यांतले अंतरच मिटवले जाते. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये या जागी कर्मांनाच फुले केले आहे. पूजेला वेगळी फुले नकोत, हातातले काम हेच फूल. संसारात गुंतलेल्या माणसाला यापेक्षा मोठा दिलासा कोणता?

पण हा दिलासा ज्याचे काम आणि ज्याचा देव यांच्यात भांडण नाही त्याच्यासाठी आहे. गोरोबा मडकी घडवत नामस्मरण करतात, सावता माळी मळ्यातच विठ्ठल पाहतात. त्यांचे गिऱ्हाईक कधी म्हणाले नाही, की नाम घेशील तर मडके घेणार नाही. बहिणाबाईंच्या बाबतीत नेमके तेच झाले. शास्त्राने त्यांना एकच कर्तव्य नेमून दिले होते, पतीची सेवा. आणि ज्याची सेवा करायची तोच म्हणत होता की तुझ्या देवाला सोड. येथे कर्म हेच फूल म्हणून चालत नाही. फूल ज्याच्या पायावर ठेवायचे तो कोण, हाच तर प्रश्न आहे.

आमच्या फिक्हमधील एक जोडी येथे उपयोगी पडते म्हणून ती वापरतो. तुलना म्हणून नव्हे, चष्मा म्हणून. इबादतीत काही गोष्टी फर्ज असतात, काही नफ्ल. पती घरी असेल तर पत्नीने त्याच्या परवानगीवाचून नफ्ल रोजा ठेवू नये असे हदीसमध्ये आले आहे. रमजानच्या फर्ज रोज्याला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. म्हणजे पतीचा अधिकार नफ्लच्या उंबरठ्यापर्यंत येतो, पुढे नाही. या चष्म्यातून पाहिले तर पतिपत्नीतले भांडण स्पष्ट दिसते. गंगाधरपंतांच्या दृष्टीने कीर्तन ही नफ्ल गोष्ट आहे आणि सेवा फर्ज. बहिणाबाईंच्या जिवाला उलट जाणवते. त्यांना नामाशिवाय श्वास घेता येत नाही, मग ते नफ्ल कसे? परंतु त्यांच्या परंपरेत बाईसाठी नवऱ्याच्या अधिकाराबाहेर राहील असे फर्ज कोणी आखून दिलेले नव्हते. ते त्यांना स्वतः शोधावे लागले. ज्या अभंगात त्या म्हणतात, की वेद आणि पुराणे ओरडून सांगतात बाईच्या संगतीत हित नाही, आणि मी तर जन्मानेच बाई, मग माझ्या परमार्थाची सोय काय, तो अभंग त्या शोधातला आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात स्त्रियांनाही परम गती मिळते असे वचन आहे. पण मिळते हे सांगणे वेगळे आणि घरात बांधून घातलेल्या बाईला तेथपर्यंत जाऊ देणे वेगळे.

यानंतर आत्मनिवेदनातील तो अभंग येतो ज्यावर सगळा वाद आहे. कोल्हापुरात बहिणाबाईंना पाहायला लोक येऊ लागले. बायकोला जो तो नमस्कार करतो, आपल्याला कोणी विचारत नाही, हे गंगाधरपंतांना असह्य झाले. त्यांनी सासूसासऱ्यांना सांगून टाकले की मी घर सोडून जातो. तेव्हा बहिणाबाई म्हणतात, पतीची सेवा हाच माझा देव. विठ्ठल तर दगडाचा आहे आणि तुकोबा स्वप्नातले. त्यांच्यासाठी समोरचे सुख का गमवावे?

संतकवयित्रीच्या तोंडी हे शब्द ऐकून पुष्कळ जण गोंधळतात. परंपरेचे अभिमानी म्हणतात, पाहा, शेवटी संत झाली तरी पतिव्रताच. स्त्रीमुक्तीच्या बाजूने लिहिणारे म्हणतात, पाहा, शेवटी शरण गेली. दोघांचा निष्कर्ष एकच, फक्त एकाला आनंद होतो आणि दुसऱ्याला दुःख. आमचे म्हणणे असे, की हा अभंग कोणत्या घडीला उच्चारलेला आहे ते दोघेही बघत नाहीत. पतिव्रताधर्माचे उपदेशपर अभंग गाथेत वेगळ्या गटात आहेत. ते शांत चित्ताने रचलेले, इतर बायांसाठी आहेत, आणि खरे सांगायचे तर ते फार सामान्य आहेत. असा उपदेश त्या काळी कोणीही केला असता. हा अभंग मात्र कथेच्या ओघात येतो, नवरा निघून जाण्याच्या तयारीत असताना. सतराव्या शतकातील ब्राह्मण बाईला नवऱ्याने टाकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. माहेरही परागंदा. तेव्हा त्या विठ्ठलाला दगड म्हणतात ते सिद्धान्त म्हणून नव्हे. घाबरलेले माणूस देवाशी असे बोलते. ज्याला आपण खरोखर हाक मारली त्यालाच माणूस 'तू दगड आहेस' असे म्हणू शकते. ज्याच्याशी नाते नाही त्याला कोण दगड म्हणायला जाईल?

आणि एक बारीक गोष्ट. विठ्ठलाला दगड म्हणताना त्या कारण देतात ते समोरच्या सुखाचे. नवरा समोर आहे, हाताला लागतो. ही भक्ती नाही, हा हिशोब आहे, आणि हिशोब त्यांनी लपवलेला नाही.

येथे आमच्या भाषेतील एक शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. उर्दूत नवऱ्याला 'मजाजी खुदा' म्हणतात. कथाकादंबऱ्यांत, सिनेमात, बायकांच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द आहे. मराठीत 'पतिदेव', 'पतिपरमेश्वर' आहे तसाच. मराठी बोलणाऱ्यांच्या परंपरेत देवाची अनेक रूपे आहेत, त्यामुळे नवरा त्यांतले एक रूप झाला तर रचनेला धक्का लागत नाही. आमच्या अकीद्यात मात्र अल्लाहचा कोणी शरीक नाही, आणि तौहीद हा पहिला सबक आहे. तरीही आमच्या जिभेवर 'मजाजी खुदा' बसला आहे. आपल्या लेखकांनी हिंदू समाजातील पतिपरमेश्वरावर टीका केलेली आम्ही वाचली आहे. तीच लेखणी मजाजी खुदाकडे वळलेली क्वचितच दिसते. नजीर अहमदांची 'मिरातुल उरूस' (1869) आणि अशरफ अली थानवींचा 'बहिश्ती जेवर' ही दोन पुस्तके आमच्या कित्येक घरांत मुलीबरोबर सासरी गेली. त्यांत मुलींनी शिकावे हा आग्रह आहे; त्याची कदर केली पाहिजे. पण अकबरी आणि असगरी यांत चांगली ठरते ती घर सांभाळणारी असगरी. असगरीला एखादे दिवशी घरापलीकडची ओढ लागली असती तर नजीर अहमदांनी तिचे काय केले असते, हा प्रश्न त्या कादंबरीत उद्भवतच नाही. बहिणाबाईंच्या गाथेत तो उद्भवला आहे, दोनशे वर्षे आधी.

'मजाज' या शब्दाला सूफींच्या परिभाषेत आणखी एक अर्थ आहे. इश्क-ए-मजाजी हा पूल, इश्क-ए-हकीकी हा पैलतीर. बहिणाबाईंच्या पतिव्रताधर्माकडे असे बघण्याचा मोह होतो, की पतिसेवेच्या पुलावरून त्या विठ्ठलाकडे गेल्या. हे वाचन सुंदर आहे, पण खोटे आहे. आत्मनिवेदनाचा क्रम तसा नाही. त्या विठ्ठलाच्या तीरावर आधी पोहोचल्या होत्या, वासराबरोबर. पूल नंतर आला आणि तोही मध्येच काढून घेण्याची धमकी देत.

मग हा पेच सुटला कसा? गंगाधरपंत निघण्याच्या सुमारास तापाने आजारी पडले. बहिणाबाईंनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. आजारात त्यांना पश्चात्ताप झाला, त्यांचे मन पालटले आणि सगळे कुटुंब देहूला तुकोबांच्या भेटीला निघाले. भाविकाला यात देवाची कृपा दिसते. वाङ्मयाचा वाचक म्हणून आम्ही थोडे अडखळतो. प्रश्न बाईने विचारला होता आणि उत्तर नवऱ्याला मिळाले. माझ्या परमार्थाची सोय काय, याला विठ्ठलाने दिलेले उत्तर इतकेच, की तुझ्या नवऱ्याचे मन पालटतो. उद्या ज्या बाईच्या नवऱ्याचे मन पालटणार नाही तिने काय करायचे, हे गाथा सांगत नाही.

इतर संतस्त्रियांच्या कथांशी ताडून पाहिले की बहिणाबाईंचे वेगळेपण कळते. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांत विठ्ठल येऊन जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो. सखूबाईची आख्यायिका तर सर्वांना माहीत आहे; 1941 साली प्रभातने तिच्यावर चित्रपटही काढला. सासरच्यांनी सखूला बांधून ठेवले, तेव्हा विठ्ठल तिच्या रूपाने तेथे उभा राहिला, तिची सगळी कामे त्याने केली आणि ती पंढरपूरला जाऊन आली. किती विलक्षण कल्पना आहे! बाईचे कर्तव्य आणि बाईची भक्ती यांत तंटा झाला तर देवाने स्वतः लुगडे नेसून कर्तव्य उरकायचे. परंपरेलाही हा पेच जाणवला होता, आणि देवाला बदली कामगार म्हणून पाठवल्याखेरीज तो सुटणार नाही एवढे तिला कळले होते, याचीच ही कबुली आहे. पण सखूची कथा दुसऱ्यांनी सांगितलेली आहे. बहिणाबाईंनी स्वतःची स्वतः सांगितली, आणि तीत कोणी बदली आले नाही. त्याही बांधल्या गेल्या होत्या. त्या दाव्यात त्यांच्या जागी दुसरे कोणी उभे राहिले नाही. राजस्थानात मीराबाईंनी आणि कर्नाटकात अक्कमहादेवींनी राजघर सोडले. तो मार्ग बहिणाबाईंनी घेतला नाही. त्या घरात राहिल्या आणि राहून लिहिले. घर सोडणाऱ्या बाईचे काव्य अधिक तेजस्वी असते हे मान्य. पण घरात राहणाऱ्या बायाच जगात जास्त आहेत.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. देहूत तुकोबांची पत्नी जिजाई होती. नवरा भजनात रमला, घरात दाणा नाही, मुलेबाळे सांभाळायची, अशी तिची चित्रे महिपतींनी आणि नंतरच्यांनी रंगवली आणि तिला कजाग ठरवले. म्हणजे नवरा भक्त झाला की कर्तव्याचा भार बायकोवर, आणि ती कुरकुरली तर कर्कशा. बायको भक्त झाली की नवऱ्याच्या हातात काठी, आणि ती कुरकुरली तर कुलटा. देहूच्या एकाच गावात ही दोन्ही घरे काही काळ नांदत होती. जिजाईने लिहून ठेवले असते तर!

देहूत मंबाजीने या कुटुंबाचा छळ केला. ब्राह्मणांनी शूद्राला गुरू का करावे, हा त्याचा सवाल. या सवालाला बहिणाबाईंनी दिलेले उत्तर त्यांच्या गाथेतील सर्वांत धारदार भाग आहे. 'वज्रसूची' या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कोणाला म्हणावे? जीव ब्राह्मण आहे का, देह आहे का, जात आहे का, ज्ञान आहे का, कर्म आहे का? एकेक घेऊन ते बाजूला ठेवायचे आणि शेवटी ज्याने ब्रह्म जाणले तोच ब्राह्मण असा निर्णय द्यायचा. ही तर्काची पद्धत इतकी निर्दय आहे की जन्मसिद्ध अधिकाराला उभे राहायला जागाच उरत नाही. एका ब्राह्मण बाईने सतराव्या शतकात हे मराठीत आणावे, याचे मोल आजही कमी झालेले नाही. आपल्यात अशराफ-अजलाफचा भेद अजून लग्नाच्या बैठकीत निघतो; तेथे हे अभंग वाचून दाखवावेत असे आहेत.

पण आमची तक्रार येथेच आहे. ज्या सुईने त्यांनी 'ब्राह्मण' हा शब्द उसवला ती सुई त्यांनी 'पत्नी' या शब्दाला लावली नाही. पत्नी कोणाला म्हणावे? देह पत्नी आहे का, कर्म आहे का? ज्याने मारले त्याचे पतित्व कशात आहे, जन्मात, मंत्रात की वागण्यात? हाच क्रम, हेच शब्द, फक्त विषय बदलायचा होता. तो बदलला असता तर पतिव्रताधर्माचे अभंग त्यांना लिहिता आले नसते. जातीचा धर्म त्यांनी तपासला, बाईचा धर्म न तपासता तसाच ठेवला. काळाची मर्यादा म्हणून हे सोडून देता येईल, पण जिने एक मर्यादा ओलांडली तिच्याकडून दुसरीची अपेक्षा करणे हा तिचा अपमान नव्हे. जातीविरुद्ध लढताना तुकोबा सोबत होते. घरातल्या लढाईत वासरू होते, आणि तेही कोल्हापुरातच गेले.

गाथेत पुंडलिकमाहात्म्यही आहे. ते सहसा कोणी वाचत नाही. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, देव दारात आला, पुंडलिकाने वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला, तो अजून थांबलाच आहे. कर्तव्य आधी, देव नंतर, हा वारकरी पंथाचा पायाच. बहिणाबाईंनी हा विषय का घ्यावा? हे माहात्म्य पंथाचे आद्य आख्यान म्हणून त्यांनी रचले असेल, यात नवल नाही. पण त्यांचे चरित्र वाचल्यावर ही कथा निराळी दिसू लागते. पुंडलिकाला देवाला 'थांब' म्हणता आले, कारण त्याने ते कर्तव्य पूर्वीच्या चुकांनंतर स्वतः पत्करले होते, आणि त्याचे आईवडील देवाला हाकलून दे असे म्हणत नव्हते. बहिणाबाईंच्या दारातही देव उभा होता. थांब असे त्यांनी त्याला सांगितले नाही. घरातल्याने दार लावून घेतले होते.

आता तो अर्धा म्हटला जाणारा अभंग. ज्ञानदेवांनी पाया घातला आणि तुकोबा कळस झाले, एवढे महाराष्ट्रातील शाळकरी पोराला ठाऊक असते. आमच्या उर्दू शाळेतल्यालाही. परंपरेने बहिणाबाईंच्या नावावर असलेल्या त्या अभंगात कळसाच्या पुढे आणखी एक वस्तू आहे, वर फडकणारी ध्वजा, आणि ती स्वतः बहिणाबाई आहे. भाषणांत आणि फलकांवर कळसापाशी थांबतात. ध्वजा गळून पडते. आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले होते, की बाकी सगळे दगडाचे आणि हीच कापडाची का? तिला आम्ही तेव्हा काहीतरी उत्तर दिले. प्रश्न मात्र उत्तरापेक्षा चांगला होता. पाया, खांब, कळस हे इमारतीचे भाग आहेत, एकमेकांवर टेकलेले. ध्वजा कशावर टेकत नाही, वाऱ्यावर हलते, ऊनपावसात विरते आणि पुन्हा नवी बांधावी लागते. पण दूरच्या वाटसरूला देऊळ कोठे आहे हे आधी तिच्यामुळेच कळते.

शेवटी निर्याणाच्या अभंगांविषयी. मृत्यू जवळ आला तेव्हा बहिणाबाईंनी मुलगा विठोबा याला आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली, हा तेरावा. पुनर्जन्म आमच्या अकीद्यात बसत नाही, म्हणून आमच्यासारखा वाचक हे अभंग ओलांडून पुढे जाण्याची शक्यता फार. आम्हीही पहिल्या वाचनात तेच केले. दुसऱ्या वाचनात लक्षात आले, की त्यांना हवे असलेले उत्तर या जागी आहे. पतिव्रताधर्म एका देहाचा असतो, एका लग्नाचा. भक्ती मात्र एका देहात अपुरी राहिली तर पुढच्यात चालू राहते, असे त्या मानतात. गंगाधर पाठकांची पत्नी हे तेरांपैकी एका जन्माचे नाव झाले. वेदपुराणे ओरडतात आणि मी तर बाईच्या देहात आले, असे म्हणून जिने एकेकाळी कपाळावर हात मारून घेतला होता, ती बाई आता बाहत्तराव्या वर्षी मुलाला समोर बसवून तेरा देहांची मोजदाद करते. घरातली मोठी बाई डब्यातले धान्य मापते तशी, एकेक माप बाजूला ओतत.